जुनं पाणी

त्या उन्हाळ्यात मी काय काय जेवलो ते मला सांगता येणार नाही. ताटात काय होतं ते आठवतं, लागलं कसं ते नाही. हंगामाच्या तोंडावर दहा दिवस ताप आला, तो उतरला आणि उतरताना तोंडाची चव घेऊन गेला. एखाद्या सुताराची किंवा गवंड्याची चव गेली असती तर त्यानं चार दिवस कुरकुर केली असती आणि कामाला लागला असता. मी मिठागरातला चाखणारा. माझं पोट जिभेवर होतं.

चाखणाऱ्याचं काम असं. भरतीचं पाणी बांधातल्या मोरीतून आत घेतात आणि उथळ वाफ्यांतून एकातून दुसऱ्यात सोडत नेतात. ऊन-वारा त्याला आटवतो. शेवटच्या वाफ्यांत मीठ धरतं. पण समुद्राच्या पाण्यात नुसतं मीठ नसतं. मीठ तळाला बसलं की वर जे जुनं पाणी उरतं त्यात कडू असतं. ते वेळेवर काढून टाकावं लागतं आणि नवं घ्यावं लागतं. लवकर काढलं तर हाती लागणारं मीठ वाहून जातं, उशीर केला तर कडू मिठावर बसतं आणि सगळा वाफा नासतो. खारट कुणालाही कळतं. पण थुंकल्यावर घशाच्या तोंडाशी एक बारीक कडवट ओढ मागे राहते, ती ओळखायला वर्षं जातात. मला ती बत्तीस वर्षं ओळखता येत होती. आमच्या पट्टीतले बारा वाफे माझ्या शब्दावर उघडत आणि माझ्या शब्दावर बंद होत.

आम्ही पाच माणसं. मी, माझी बायको, थोरला मुलगा, सूनबाई आणि धाकटी. धाकटी लहानपणी सारखा मिठाचा खडा गालात धरून फिरायची, म्हणून सगळे तिला खडी म्हणत. लग्न होऊन तीन वर्षं नांदली आणि एक दिवस कपड्यांची पिशवी घेऊन परत आली. काय झालं ते तिनं आईला सांगितलं असेल, मला नाही. मीही विचारलं नाही. दोन वर्षं ती आमच्याबरोबर वाफ्यात राबत होती. हंगामात आम्ही सगळे मिठागराच्या कडेच्या पत्र्याच्या खोलीत राहायचो, आणि त्या एवढ्याशा खोलीतही ती दाराजवळच्या कोपऱ्यात अंग चोरून बसायची. सूनबाईनं ताट दिलं की म्हणायची, "वहिनी, पुरे, एवढं नको." स्वतःच्या घरात माणूस असं जेवत नाही.

माझी चव गेल्याचं मी कुणाला सांगितलं नाही. वाटलं, येईल चार दिवसांत. तोवर डोळ्यांवर काम भागवू. पाणी जुनं झालं की त्याला थोडी तेलकट चकाकी येते, वारा असूनही बारीक लहर उठत नाही. एवढं कळायला जीभ लागत नाही. पण ते दिसेपर्यंत बहुतेक वेळा एखादा दिवस उशीर झालेला असतो. तरी मी रोज सकाळी वाफ्यात वाकायचो, बोट बुडवून जिभेला लावायचो, डोळे मिटायचो, थुंकायचो. मुकादम बांधावर उभा राहून बघायचा. देवळात उभं राहावं तसा उभा राहायचा तो.

खडीनं पकडलं. एका सकाळी मी एक वाफा चाखला आणि म्हटलं, "आलं हं रंगाला. उद्या पुढं सोडू."

थोरला आणि सूनबाई पलीकडच्या वाफ्याचा तळ पायानं तुडवत होते. खडी माझ्या शेजारी होती. तिनं बोट बुडवलं, चाटलं, माझ्याकडे बघितलं.

"बाबा, हे काल दुपारच्या भरतीचं पाणी आहे. सकाळी दादानं इथं घेतलं. नुसतं समुद्राचं आहे."

मी बोट सदऱ्याला पुसलं.

"ताप उतरल्यापासून का?"

"सर्दी आहे जरा."

"सर्दी नाही," ती हळूच म्हणाली. मग इकडेतिकडे बघून म्हणाली, "मी चाखते. तुम्ही सांगा. कुणाला कळायचं नाही."

तिथंच आमचं ठरलं. माझ्या आधी ती वाफ्याशी जायची, मीठ भरायची टोपली घेऊन. कुणाचं लक्ष नाही असं बघून चाखायची. पाणी ठेवायचं असेल तर टोपली बांधावर सुलटी ठेवायची, काढायचं असेल तर उपडी. मग मी यायचो, वाकायचो, डोळे मिटायचो आणि टोपलीनं सांगितलेलं तोंडानं सांगायचो.

त्या बदल्यात तिनं एकच गोष्ट मागितली. मुकादमानं हंगामाच्या सुरुवातीलाच मला विचारलं होतं, "काका, तुम्ही आता साठीला आलात. पुढच्या वर्षी ही पट्टी कुणाच्या जिभेवर द्यायची ते तुम्हीच सांगा. तुमच्या घरातलं असेल तर उत्तम, नाहीतर दुसरा बघतो." थोरल्याचा प्रश्नच नव्हता, त्याच्या गालात दिवसभर तंबाखू.

"माझं नाव सांगाल?" खडीनं विचारलं.

"बाईमाणूस आणि चाखणारी?"

"आताही मीच चाखतेय ना, बाबा." मग थोड्या वेळानं म्हणाली, "चाखणाऱ्याला मोरीजवळची खोली मिळते, आपण पाच जण मावत नाही म्हणून ती रिकामी असते. माझी मी राहीन. कुणाच्या ताटातलं उरलंय का ते बघावं लागणार नाही."

"हंगाम संपू दे," मी म्हटलं. "सांगतो मुकादमाला."

तिनं मान हलवली आणि टोपली उचलली. त्या दिवशी ती दुप्पट मीठ वाहत होती असं मला वाटलं. मला वाटण्याचा काय भरवसा, पण तिची आईही म्हणाली, "आज हिच्या अंगात काय संचारलंय."

तो उन्हाळा तसा चांगला होता हे मला कबूल केलं पाहिजे. वारा कोरडा होता, आभाळ स्वच्छ. सकाळी उजाडायच्या आत आम्ही वाफ्यात उतरायचो. लांब दांड्याच्या फळीनं मीठ कडेला ओढायचं, ढीग करायचे, निथळू द्यायचे, मग डोक्यावर टोपली घेऊन राशीपर्यंत न्यायचं. मिठाच्या पाण्यानं तळपायाची कातडी आधी पांढरी होते, मग जाड, मग तिला भेगा पडतात. भेगेत मीठ गेलं की काय होतं ते ज्याचं त्याला. सूनबाईचा तो दुसराच हंगाम. ती दुपारी तेलाची वाटी घेऊन पाय पुढं करून बसायची आणि खडी तिच्या टाचा चोळून द्यायची. दोघी कसल्या तरी गोष्टीवरून हसायच्या. थोरला म्हणायचा, "मलाही चोळा की कुणी." त्यावर त्याची आई म्हणायची, "तुझ्या टाचा चोळायच्या तर वीटच लागेल." दुपारच्या उन्हात सगळी पट्टी अशी पांढरी व्हायची की डोळे बारीक करून बघावं लागे. पाचही माणसं एका ठिकाणी, धडधाकट, कामाला लागलेली. यापेक्षा बापाला काय पाहिजे असतं, असं मी स्वतःला तेव्हा विचारत होतो. उत्तर मला माहीत होतं. मला माझी जीभ पाहिजे होती. आणि ती मिळत नसेल तर दुसऱ्या कुणाकडे ती आहे हे बघायला लागू नये, एवढं तरी पाहिजे होतं.

कारण पोरगी माझ्याहून चांगली होती. सांगून टाकतो. मी माझ्या भरात असतानाही सकाळी आणि दुपारी असं दोनदा चाखून ठरवायचो. तिला एकदा पुरायचं. त्या दोन महिन्यांत आमच्या वाफ्यांचं मीठ इतकं स्वच्छ आणि खणखणीत निघालं की बाजूच्या पट्टीवरची माणसं बघायला आली. मुकादम माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "काका, म्हातारपणी जीभ तरुण झाली की तुमची." मी हसलो. घरी येऊन बायकोवर विनाकारण डाफरलो. नाकापेक्षा मोती जड झालेला मला सोसत नव्हता.

मिठाचा शेवटचा उतारा निघायला आठ-दहा दिवस होते. तो सगळ्यात मोठा, बाराही वाफे एकदम, एकाच पाण्यानं भरलेले. मुकादम सायकल हातात धरून बांधावरून चालला होता. थांबला आणि सहज म्हणाला, "काका, एक गंमत बघितली मी. चाखायच्या आधी तुम्ही पोरीकडे बघता."

"तिला शिकवतोय," मी म्हटलं.

"शिकवा, शिकवा. पण गुरू कोण आणि चेला कोण ते कळेनासं झालंय." तो हसत निघून गेला. त्याच्या मनात काही नव्हतं. थोरला आणि सूनबाईही हसले. खडी हसली नाही, तिनं माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. मला वाटलं, ती मनातल्या मनात हसतेय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाफ्याशी आलो. टोपली उपडी होती. मला ती लांबूनच दिसली. पाण्यावर चकाकी नव्हती, बारीक लहरही उठत होती. माझ्या डोळ्यांना पाणी चांगलं दिसत होतं. मी वाकलो, बोट बुडवलं, डोळे मिटले. जिभेवर ओलं लागलं, दुसरं काही नाही. मी थुंकलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "राहू दे. अजून दोन दिवस."

थोरला बरं म्हणाला आणि फळी खांद्यावर घेऊन गेला. त्याला काय, बाप म्हणेल ती पूर्व दिशा.

दुपारी सगळे जेवायला खोलीकडे गेले. खडी मागे राहिली म्हणून मीही राहिलो. ती मोरीच्या दारापाशी गेली आणि जुनं पाणी बाहेर सोडायला तिथली आडवी फळी वर ओढायला लागली.

"काय करतेस?"

"टोपली बघितली नाहीत का?"

"बघितली."

"मग?"

"मला कळतं काय करायचं ते."

"तुम्हाला कळत नाही, बाबा." ती रागानं म्हणाली नाही. आजारी माणसाला सांगावं तसं म्हणाली. "मागून कडू लागतंय. आज नाही काढलं तर सगळं जाईल."

रागानं म्हणाली असती तर कदाचित मी ऐकलं असतं. मी तिच्या हातातून फळी हिसकावली. तिच्या तळहाताचं सालपट निघालं. ती फळी मी परत खाचेत ठोकून बसवली आणि म्हणालो, "दुसऱ्याच्या घरातून परत आलेल्यांनी इथली दारं उघडायची नसतात."

जिभेला हाड नसतं म्हणतात. माझ्या जिभेला तेव्हा चवही नव्हती, पण हे वाक्य तिला बरोबर जमलं. खडी तळहात पदराला पुसून खोलीकडे गेली. मी एकटा बांधावर बसलो. संध्याकाळपर्यंत मला ती फळी काढता आली असती. दुसऱ्या दिवशीही काढता आली असती, थोडं नुकसान झालं असतं, बाकीचं वाचलं असतं. मी दोन दिवस त्या फळीच्या आसपास फिरत राहिलो. ती काढणं म्हणजे पोरगी खरी ठरणं, म्हणून काढली नाही.

तिसऱ्या दिवशी पाण्यावर तेलासारखी चकाकी आली. मी स्वतःच फळी काढली, पण तोवर व्हायचं ते झालं होतं. मीठ ओढलं तर ते ओढायच्या फळीला चिकटत होतं. ढीग घातले तर निथळेनात. उन्हात चार दिवस ठेवूनही ओलसर, मळकट. मुठीत धरलं तर लाडू वळावा तसा गोळा व्हायचा. बाराही वाफे.

मुकादम आला. त्यानं एक खडा तोंडात टाकला आणि लगेच थुंकला. पाण्याची बाटली काढून चूळ भरली.

"हे खाण्याचं नाही राहिलं," तो म्हणाला. "चामडं कमावणाऱ्यांना घालावं लागेल. काका, हे चाखलं कुणी?"

आम्ही पाचही जण तिथं होतो. खडीच्या डोक्यावर भरलेली टोपली होती. सूनबाई फळीवर रेलून उभी होती. थोरल्यानं तोंडातली तंबाखू थुंकली.

मी म्हणालो, "मला सर्दी होती. नाक बंद. म्हटलं, पोरगी शिकतेय, तिच्यावर सोपवून बघू. तिनं चाखलं, म्हणाली अजून दोन दिवस. मी विश्वास ठेवला. चूक माझीच."

चूक माझीच हे मी मुद्दाम जोडलं. ते ऐकायला चांगलं वाटतं.

मुकादमानं खडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तरी म्हटलं. बत्तीस वर्षांत असं झालं नाही. मी तेव्हाच बोललो होतो, तुम्ही हिच्याकडे बघून बोलता म्हणून." तो खडीला म्हणाला, "बाई, न येणाऱ्या कामात हात घालू नये. तुझ्या बापाचं नाव घालवलंस."

खडीनं डोक्यावरची टोपली खाली घेतली आणि बांधावर ठेवली. सुलटी ठेवली. ती बोलणार नाही हे मला माहीत होतं. बापाची जीभ उन्हाळाभर मेलेली आहे असं ती म्हणाली असती तर पट्टी त्याच दिवशी आमच्या हातून गेली असती आणि पाचही माणसं रस्त्यावर आली असती. घरासाठी ती तोंड शिवून बसेल, याच भरवशावर मी बोललो होतो. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली, आणि चोर मीच होतो, फाशी देणाराही मीच. लाज वाटायला हवी होती. खरं सांगायचं तर तेव्हा मला हलकं वाटलं.

घरी थोरला तिला बरंच बोलला. "येत नाही तर सांगायचं. बारा वाफे घालवलेस." आई म्हणाली, "कशाला गं एवढी हुशारी दाखवायला गेलीस? बाबांना विचारायचं होतंस." खडी भांडी घासत होती. तिनं मान वर केली नाही. मी म्हणालो, "जाऊ द्या. पोर आहे. शिकेल." असा मी मोठ्या मनाचा.

पाच दिवसांनी तिनं सांगितलं की ती जाणार आहे. तिकडे शहरात बर्फाचा कारखाना होता, तिच्या ओळखीची एक बाई तिथं कामाला होती. राहायला खोली चार बायकांत मिळून. तिची आई थोडी रडली, पण राहा म्हणाली नाही. कुणीच म्हणालं नाही. मुकादमानं दुसऱ्या वर्षाबद्दल अजून शब्द दिला नव्हता आणि ती समोर असती तर त्याला झालेलं आठवत राहिलं असतं, हे प्रत्येकाच्या मनात होतं.

जायच्या दिवशी दुपारचा स्वयंपाक तिनं केला. "आज मीच करते, वहिनी, तुम्ही बसा," म्हणाली. भात आणि माशांचं कालवण. एकाच पातेल्यात, सगळ्यांना एकच. आम्ही चौघं ओळीनं भिंतीला टेकून बसलो. तिनं वाढलं. नेहमी अंग चोरून असायची, त्या दिवशी पाटावर मधोमध बसून वाढत होती. तिची पिशवी दाराशी भरून ठेवलेली होती.

मला भूक होती. मी भात कालवला आणि जेवायला लागलो. सकाळपासून मनाला टोचणी होती, जाताना पोरीशी दोन शब्द गोड बोलावेत असं वाटत होतं. मी म्हणालो, "कालवण झकास झालंय आज. तुझ्या आईलासुद्धा असं जमत नाही."

कुणी काही बोललं नाही. मला वाटलं, जाण्याचा दिवस आहे म्हणून सगळे गप्प आहेत.

"वाढ अजून," मी म्हणालो.

तिनं पळीभर वाढलं. "सावकाश जेवा, बाबा."

मी खाली मान घालून ते संपवलं आणि मग वर बघितलं. थोरल्याचा पहिलाच घास गालात होता, तो तसाच धरून तो दाराबाहेर जाऊन थुंकून आला. सूनबाईनं तोंडावर पदर धरला होता. बायकोचा हात ताटात होता, पण ती खडीकडे बघत होती, मग माझ्याकडे, मग माझ्या रिकाम्या ताटाकडे. चुलीजवळ मिठाचा डबा उघडा होता. आतलं मीठ ओलसर, मळकट, कडेला चिकटलेलं.

"कधीपासून?" बायकोनं विचारलं. मला नाही, खडीला.

"हंगाम लागल्यापासून," खडी म्हणाली. "टोपली उपडी ठेवली होती मी, आई. बाबांना विचार."

थोरला दारात उभा होता. त्यानं माझ्याकडे बघितलं. खडीनं हात धुतले. आईच्या पाया पडली, वहिनीच्या खांद्यावर हात ठेवला, पिशवी उचलली. माझ्या समोरचं ताट तिनं उचललं, धुऊन पालथं घातलं आणि मग ती गेली. बांधावरून सडकेपर्यंत ती दिसत होती. त्या पांढऱ्यावर माणूस फार लांबपर्यंत दिसतं.

मला वाटलं होतं, आता मुकादमाला कुणीतरी सांगेल. थोरला सांगेल, निदान त्याची आई. कुणी सांगितलं नाही. सगळ्यांना कळलं होतं आणि सगळ्यांना पट्टी हवी होती. या बाबतीत तरी घर माझ्यावर गेलं. दुसऱ्या हंगामाला मुकादमानं काचेची नळी आणली, पाण्यात सोडली की तीच सांगते जुनं की नवं. ती वाचायला थोरला शिकला. मोरीजवळच्या खोलीत आता ती नळी आणि एक वही असते.

माझी चव पावसाळ्यात परत आली. एका सकाळी चहा गोड लागला. मी कप हातात धरून बराच वेळ बसलो आणि कुणाला काही सांगितलं नाही. कारण त्या जेवणाच्या दिवसापासून माझ्या बायकोनं एक पद्धत पाडली आहे. कालवण उकळलं की ती आधी माझी वाटी काढून ठेवते, आणि मग पातेल्यात मीठ घालते. पहिल्या दिवशी सूनबाईनं विचारलं, तेव्हा म्हणाली, "यांना काय, सारखंच. मीठ वाया कशाला घालवा." पुढं कुणी विचारलं नाही.

तिसरं वर्ष आहे. खडी येत नाही, कधीतरी आईला निरोप येतो. मीठ मागायचं तर आधी चव आली हे सांगावं लागेल, आणि ते सांगितलं की बोलणं त्या टोपलीपाशी जाईल. खोलीच्या दाराबाहेर माणसाच्या उंचीची मिठाची रास उभी असते. मी आत बसून अळणी जेवतो आणि झकास झालंय म्हणतो.